शेजारच्या गावी, राजधानीमार्गे

दोन गावांमधले अंतर किती, असा प्रश्न आला की आम्ही भूगोलाचे विद्यार्थी ताबडतोब पट्टी उचलतो. नकाशाचे प्रमाण पाहतो, गुणाकार करतो आणि उत्तराखाली दुहेरी रेघ मारतो. परीक्षेत त्याचे पूर्ण गुणही मिळतात. माझे म्हणणे असे आहे की हे उत्तर अर्धेच असते. वाट कोणी पाडली आणि कोणाच्या सोयीसाठी पाडली, हे कळल्यावाचून अंतर कळले असे म्हणता येत नाही. वाचकांना हे तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून मी पृथ्वीच्या उत्तर टोकाकडचे दोन विमानतळ उदाहरणादाखल घेतो. एक ग्रीनलंडच्या राजधानीचा, म्हणजे नूकचा. दुसरा कॅनडातील नुनावुत प्रदेशाच्या राजधानीचा, म्हणजे इकालुइतचा.

नूक ६४ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे, इकालुइत किंचित खाली. मध्ये डेव्हिसची सामुद्रधुनी आणि बाफिन बेटाचा काही भाग. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी गणित केले तेव्हा सरळ अंतर सुमारे ८२० किलोमीटर आले. बेळगाव ते अहमदाबाद सरळ रेषेत जवळजवळ एवढेच भरते. महाविद्यालयाच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मात्र ही सामुद्रधुनी अफाट रुंद दिसते. तो दोष मर्केटरच्या पद्धतीचा आहे. विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी १११ किलोमीटर असते, आपल्या बेळगावी ती १०७ च्या आसपास येते आणि ६४ अक्षांशावर ४९ पर्यंत आक्रसते. मर्केटरचा नकाशा सगळे रेखांश समांतर उभे करतो, त्यामुळे त्या अक्षांशावरची प्रत्येक लांबी सव्वादोन पटीहून जास्त ताणली जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून पाहा. साधारण एक फूट व्यासाच्या गोलावर नूक ते इकालुइत दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

आता वेळ. या भागात डॅश-८ जातीची विमाने वापरतात. दोन पंख्यांचे, सदतीस आसनांचे, आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे हे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या जरा वर वेग घेते. चढणे, उतरणे आणि जमिनीवर सरकणे धरून दोन तासांच्या आत-बाहेर प्रवास संपतो. त्या पट्ट्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्यामुळे इकालुइतहून नूकला जाताना थोडा वेळ वाचतो आणि येताना तो भरून द्यावा लागतो. याहून मौजेची गोष्ट घड्याळाची. ग्रीनलंडने २०२३ मध्ये आपली प्रमाणवेळ एक तासाने पुढे सरकवली. तेव्हापासून दोन गावांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक आहे. नूकहून दुपारी बाराला निघालेला माणूस दोन तास उडून इकालुइतला सकाळी अकराला उतरतो! निघण्यापूर्वीच पोहोचणारा प्रवासी फक्त पुराणात भेटतो असे मला वाटत असे.

पण हे सारे गणित थेट विमान असेल तेव्हाचे. ते नसेल तर, आणि बहुतेक काळ ते नव्हतेच, प्रवास कसा करावयाचा? नूकहून कोपनहेगन, साडेतीन हजार किलोमीटर. कोपनहेगनहून अटलांटिक ओलांडून टोरांटो, सव्वासहा हजार. तिथून ओटावा, साडेतीनशेच्या वर. आणि ओटावाहून पुन्हा उत्तरेकडे इकालुइत, एकवीसशे. बेरीज बारा हजारांच्या पुढे जाते, म्हणजे मूळ अंतराच्या पंधरापट. बेळगावच्या माणसाला अहमदाबादेला जाण्यासाठी रोमला जाऊन यावे लागले तर साधारण एवढाच फेरा पडेल. आइसलँडमार्गे गेले तर थोडी बचत होते, तरी आठ हजार किलोमीटर सुटत नाहीत. दोन तासांच्या वाटेला दोन दिवस लागतात, मुक्कामाचा खर्च होतो आणि तिकिटांची रक्कम अशी होते की सामान्य माणूस नाद सोडतो.

“तिथे रस्त्याने जाता येत नाही का?” असे एका मित्राने मला विचारले. नाही. नुनावुतमध्ये पंचवीस वस्त्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. ग्रीनलंडमध्येही गावाबाहेर सडक संपते. इकालुइतजवळचा समुद्र वर्षातले सात-आठ महिने गोठलेला असतो. नूकचे बंदर मात्र जवळजवळ त्याच अक्षांशावर असून बारमाही खुले राहते, कारण ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याला दक्षिणेकडून तुलनेने उबदार प्रवाह येऊन भिडतो. जानेवारीचे सरासरी तापमान एकीकडे उणे आठच्या आसपास, दुसरीकडे उणे सव्वीस-सत्तावीस. एका अक्षांशावरच्या दोन गावांत एवढी तफावत असू शकते, हे पाठ्यपुस्तकातल्या उष्ण-समशीतोष्ण-शीत अशा पट्ट्यांवरून कधी लक्षात आले नसते. असो. मुद्दा असा की विमान ही तिथे चैन नाही. आपल्याकडे लाल गाडीला जे स्थान आहे ते तिथे विमानाला आहे.

सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरची माणसे परस्परांना परकी असती तर या फेऱ्याचे दुःख मानण्याचे कारण नव्हते. ती परकी नाहीत. शाळेत आपण ज्यांना एस्किमो म्हणून शिकलो ते स्वतःला इनुइट म्हणवतात आणि दोन्ही काठांवर तेच राहतात. एकोणिसाव्या शतकात कित्लार्सुआक नावाचा एक इनुइट मांत्रिक बाफिन बेटाकडून आपल्या माणसांना घेऊन निघाला आणि कुत्र्यांच्या गाड्यांवरून, बर्फावर मुक्काम करीत, कित्येक वर्षांनी वायव्य ग्रीनलंडला पोहोचला. तिथल्या लोकांना कायाक बांधण्याची विद्या आणि धनुष्यबाणाचा उपयोग या मंडळींनी पुन्हा शिकविला. मधल्या काळात ते त्या गोष्टी विसरून गेले होते. भाषाही एकाच कुळातली. ग्रीनलंडची ती कलाल्लिसुत, पूर्व कॅनडाची ती इनुक्तितुत. फरक पडला तो लिपीचा. ग्रीनलंडमध्ये मिशनऱ्यांनी रोमन लिपी रुजविली, तर पूर्व कॅनडात त्रिकोण आणि आकड्यांसारख्या चिन्हांची एक निराळीच अक्षरलिपी आणली. एका काठाचे पत्र दुसऱ्या काठावर ऐकले तर बरेचसे समजावे, पण वाचता येऊ नये, असा हा प्रकार आहे. हे दूरचे नवल मानण्याची आपल्याला गरज नाही. कोकणी माणूस पणजीत देवनागरीत वा रोमनमध्ये लिहितो आणि मंगळुरात कन्नडमध्ये, हे आपण रोज पाहतो.

मग या माणसांची ताटातूट झाली कशी? १७२१ साली हान्स एगेडे ग्रीनलंडला आला आणि डेन्मार्कचा अंमल सुरू झाला. पुढे दोन शतके तिथला व्यापार डॅनिश सरकारी मक्तेदारीत राहिला आणि परक्यांना दारे बंद होती. पलीकडची बेटे ब्रिटनने १८८० मध्ये कॅनडाच्या हवाली केली. तेव्हापासून एका काठाचे जहाज कोपनहेगनकडे तोंड करून उभे राहिले आणि दुसऱ्या काठाचे दक्षिणेकडे. काठ समोरासमोर होते, जहाजे मात्र पाठमोरी.

येथपर्यंतची कथा वसाहतींच्या इतिहासात कुठेही सापडेल. मला खरी चकित करणारी गोष्ट पुढची आहे. हे विमानतळ ज्यांनी बांधले त्यांनी दोन्ही काठ जोडलेले होते! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला आपली विमाने युरोपात पोहोचवायची होती. त्या काळची विमाने एका झेपेत अटलांटिक ओलांडीत नसत. म्हणून उत्तरेकडून पायऱ्या घालण्यात आल्या. ग्रीनलंडमध्ये कांगर्लुसुआकचा तळ १९४१ मध्ये उभा राहिला, आणि बाफिन बेटावर फ्रोबिशर बे येथे १९४२ मध्ये. हे फ्रोबिशर बे म्हणजेच आजचे इकालुइत. ते नाव त्याला १९८७ मध्ये परत मिळाले आणि त्याचा अर्थ ‘जिथे पुष्कळ मासे आहेत ती जागा’. गाव आधी आणि विमानतळ मागून, हा आपला अनुभव. तिथे धावपट्टी आधी आली आणि गाव तिच्याभोवती जमले. (१९४२ हे साल बेळगावकरांच्या ओळखीचे आहे. आपल्या सांबऱ्याचा विमानतळही ब्रिटिश हवाई दलाने त्याच साली, त्याच युद्धासाठी बांधला.) म्हणजे युद्धासाठी बाफिन बेटाहून ग्रीनलंडला जाता येत होते. शांतता आली, विमाने मोठी झाली, ती न थांबता वरून जाऊ लागली आणि पायऱ्या ओस पडल्या. उरलेल्या प्रत्येक धावपट्टीने आपापल्या राजधानीची दोरी धरली.

या वाटेवर नियमित विमान चालविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कॅनडाच्या फर्स्ट एअर कंपनीने १९८० च्या दशकापासून सामुद्रधुनी ओलांडणारी सेवा चालविली. ती २००१ मध्ये बंद पडली. लगेच पुढच्या वर्षी, मार्च २००२ मध्ये, उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांचे हिवाळी क्रीडासामने भरले. त्यांचे यजमानपद नूक आणि इकालुइत या दोन गावांनी मिळून घेतले होते. काही खेळ या काठाला, काही त्या काठाला. रोजची वाट नुकतीच मोडलेली आणि सामन्यांसाठी मात्र खास विमाने उडत आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. नंतर २०१२ च्या उन्हाळ्यात एअर ग्रीनलंडने नूक-इकालुइत विमान सुरू केले. काही उन्हाळे चालून तेही थांबले. २०२४ च्या जूनअखेरीस एअर ग्रीनलंड आणि कॅनेडियन नॉर्थ या दोन कंपन्यांनी मिळून पुन्हा सेवा सुरू केली, आठवड्यातून एकदा, ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे जी वाट हिवाळ्यात सर्वांत अधिक लागते ती हिवाळ्यात नाही.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: उतारू मिळत नाहीत. मी हे उत्तर खोटे मानत नाही. ग्रीनलंडची वस्ती छप्पन-सत्तावन्न हजार, नुनावुतची २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे छत्तीस हजार आठशे. दोन्ही मिळून लाख भरत नाही. बेळगाव शहराच्या २०११ च्या लोकसंख्येचा हा पाचवा हिस्सा झाला, आणि तो पसरला आहे साऱ्या भारताहून मोठ्या प्रदेशावर. शिवाय या उड्डाणात एक अडचण आहे जी आपल्याकडे जाणवत नाही. ज्या विमानतळावर उतरायचे तेथे ऐन वेळी हिमवादळ आले तर विमानाला दुसरीकडे जावे लागते, आणि तिकडे ‘दुसरीकडे’ म्हणजे शेकडो किलोमीटर दूर. तेवढे जादा इंधन आधीपासून पोटात घेऊन निघावे लागते. इंधन वाढले की उतारू आणि सामान कमी करावे लागते. सदतीस आसने आहेत म्हणून सदतीस तिकिटे विकता येतात असे नाही. तेव्हा नुसत्या नफ्यातोट्याच्या वहीत ही वाट बसणार नाही, हे मला मान्य आहे.

माझे भांडण त्या वहीशीच आहे. नूक ते कोपनहेगन विमान भरते ते का भरते? सरकारी कचेऱ्या, विद्यापीठाच्या जागा, मोठी रुग्णालये आणि नातीगोती यांचा दोनशे-तीनशे वर्षांचा ओघ त्या दिशेला वळविला गेला म्हणून भरते. इकालुइतचा गंभीर आजारी ओटावाला पाठवितात, नूकचा कोपनहेगनला. उतारू आकाशातून पडत नाहीत. वाट चालू राहिली की पाचदहा वर्षांत लग्ने जुळतात, दुकानदार माल मागवू लागतो, शाळांच्या सहली निघतात, आणि मग उतारू दिसतात. एका उन्हाळ्यात, आठवड्याच्या एका विमानाने ही परीक्षा घेणे म्हणजे आंब्याचे रोप लावून दसऱ्याला फळ का नाही म्हणून उपटून टाकण्यासारखे आहे.

शासनाने अशा वाटेला पैसा द्यावा हे काही जगावेगळे नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडे फिनमार्क प्रांतात आखूड धावपट्ट्यांचे छोटे विमानतळ आहेत. तेथील विमाने सरकार निविदा काढून, तूट भरून चालविते आणि तिथल्या लोकांना तो उपकार वाटत नाही. आपल्याकडची ‘उडान’ योजना याच विचारातून निघाली. २०१७ मध्ये तिचे पहिले विमान शिमला-दिल्ली उडाले आणि पुढे सांबऱ्यालाही तिचा लाभ झाला. जानेवारी २०२० मध्ये बेळगावहून इंदूरला थेट विमान सुरू झाले तेव्हा दोन जुन्या मराठी वस्त्या मुंबईला न विचारता जोडल्या गेल्या याचा मला आनंद वाटला होता. पण तूटभरपाई तीन वर्षांची असते आणि पुष्कळ वाटा तेवढ्यातच मिटतात. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात दिलेल्या हिशेबाप्रमाणे पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी मुदतीनंतरही टिकले अवघे ५४. तेव्हा अनुदान दिले की काम झाले, असे मी म्हणणार नाही. तीन वर्षे ही मुदतच तोकडी आहे, असे म्हणेन.

नूक आणि इकालुइतच्या बाबतीत याहून एक कठीण गाठ आहे. फिनमार्कच्या वाटेला नॉर्वेचे सरकार आहे, आपल्या वाटेला दिल्लीचे आहे. सीमेपलीकडे जाणाऱ्या वाटेला कोण आहे? कॅनडा म्हणणार, हा परदेशी मार्ग. ग्रीनलंड म्हणणार, आमचा पैसा आधी आमच्या गावांसाठी. दोन घरांमधल्या बोळात केर साचतो तो यामुळेच. दोन्ही घरे स्वच्छ असतात आणि बोळ कोणाचाच नसतो. सीमेवर राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बेळगाव ते कोल्हापूर ११० किलोमीटर. पण वातावरण तापले, काचा फुटल्या आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या आपापल्या आगारात उभ्या राहिल्या, जसे डिसेंबर २०२२ मध्ये झाले, की तेच ११० किलोमीटर एका रात्रीत किती लांब जातात ते इथले विद्यार्थी, व्यापारी आणि दवाखान्यात जाणारे जाणतात. मराठी असोत वा कन्नड.

सरकारांना इच्छा झाली की सीमेचे प्रश्नही सुटतात, हे याच सामुद्रधुनीच्या बरेच उत्तरेला दिसले. तिथल्या हान्स बेटावर, एक-सव्वा चौरस किलोमीटरच्या उघड्या खडकावर, कॅनडा आणि डेन्मार्क यांचा कैक वर्षे वाद होता. एकाने जाऊन झेंडा रोवावा आणि मद्याची बाटली ठेवावी, दुसऱ्याने येऊन तो काढावा आणि आपली बाटली ठेवावी, असा तो सभ्य वाद. जून २०२२ मध्ये दोघांनी ते बेट वाटून घेतले आणि इनुइट लोकांना तिथे पूर्वीसारखेच फिरता येईल असे ठरविले. ज्या बेटावर एकही माणूस राहत नाही त्याच्यासाठी दोन परराष्ट्रखाती एवढी वर्षे बसू शकतात, तर जिथे माणसे राहतात त्या दोन गावांच्या विमानासाठी त्यांनी एक दुपार का बसू नये?

आता तर सबबीही कमी झाल्या आहेत. नूकची जुनी धावपट्टी जेमतेम ९३० मीटरची होती आणि परदेशचे मोठे विमान कांगर्लुसुआकला उतरून मग छोट्या विमानाने नूकला यावे लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये २,२०० मीटरची नवी धावपट्टी खुली झाली. इकालुइतची तर याहून लांब आहे. अवाढव्य ए-३८० विमानाची थंडीतली चाचणी २००६ मध्ये तिथेच झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाने नूकला वकिलात उघडण्याचे जाहीर केले. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून नूकला थेट विमान आले, कारण बड्या राष्ट्रांची नजर आता त्या बर्फाकडे वळली आहे. पर्यटकासाठी वाट होते, खाणवाल्यासाठी होते, सैन्यासाठी तर १९४२ सालीच झाली होती.

मला त्या वाटेवर विद्यार्थी हवे आहेत. नूकला १९८७ पासून विद्यापीठाचा दर्जा असलेली इलिसिमातुसार्फिक ही संस्था आहे आणि तिथे ग्रीनलंडच्या भाषेचे उच्च शिक्षण होते. सबंध नुनावुतमध्ये विद्यापीठ नाही, प्रदेशाचे एक महाविद्यालय आहे. इकालुइतच्या ज्या मुलीला आपल्या भाषेचे व्याकरण मुळापासून शिकायचे असेल तिच्या भाषेच्या भावंडाचे विद्यापीठ ८२० किलोमीटरवर आहे. पण तिला जाता येते ते एकवीसशे किलोमीटरवरच्या ओटावाला, जिथे सारे शिक्षण इंग्रजी-फ्रेंचमध्ये.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. आठवड्यातून दोन विमाने, बारा महिने, आणि तूट दोन्ही सरकारांनी आपापल्या तिजोरीतून निम्मी-निम्मी भरण्याचा किमान दहा वर्षांचा करार. वेळापत्रक तर घड्याळांनीच सोपे करून ठेवले आहे. नूकहून दुपारी बाराला सुटलेले विमान इकालुइतच्या अकराला पोहोचते. इंधन भरून साडेबाराला परत फिरले तर नूकच्या सव्वापाच-साडेपाचला घरी. वैमानिकाला मुक्काम करावा लागत नाही, विमानाला रात्रभर थंडीत उभे राहावे लागत नाही, आणि त्या मुलीला सुटीत घरी जाण्यासाठी कोपनहेगन पाहावे लागत नाही.